न आरवता येणारा कोंबडा

कोल्हापूरच्या पश्चिमेस, भोगावती नदी जेथे उगम पावते त्या दाजीपूरच्या रानात फाल्गुन-चैत्राच्या पहाटे रानकोंबड्याची बांग ऐकू येते. गावच्या कोंबड्यासारखी ती लांबलचक नसते. चार तुटक, घोगरे स्वर, आणि अखेरचा स्वर घशातच गिळून टाकल्यासारखा. एका दरीतून बांग उठली की समोरच्या उतारावरून दुसरी उठते, मग तिसरी, आणि उजाडेपर्यंत कोणता कोंबडा कोणत्या झाडीचा धनी आहे ह्याचा जणू जाहीरनामाच सर्व रानभर वाचला जातो. शिकाऱ्याच्या दृष्टीने असा कोंबडा अर्धा हाती आलेलाच असे. त्याने आपले ठिकाण आपल्याच तोंडाने सांगितलेले असते. उरते ते केवळ चालण्याचे व नेम धरण्याचे काम.

परंतु ज्यांची हयात रानात गेली अशा जुन्या शिकाऱ्यांना आरवणाऱ्या कोंबड्याचे फारसे कौतुक नसे. त्यांची खरी परीक्षा होई ती न आरवता येणाऱ्या कोंबड्यापाशी. माणूस पूर्वेकडील बांगेवर कान लावून जाळीत दबून बसलेला असावा, आणि ज्याने एक शब्दही काढलेला नाही असा दुसराच कोंबडा पश्चिमेकडून, पाठीमागून, पाचोळ्यावर एकेक पाऊल मोजून टाकीत दहा हातांवर येऊन उभा राहावा. माणसाने मान वळवावी, आणि तेवढ्यात तो नाहीसा व्हावा. कोंबडा आला होता हे पुष्कळदा त्याच्या जाण्यावरूनच कळते.

हा रानकोंबडा म्हणजे कोणी सामान्य पक्षी नव्हे. सॉनेरा नावाच्या फ्रेंच प्रवाशाने अठराव्या शतकात ह्याची माहिती प्रथम युरोपास दिली, म्हणून शास्त्रीय परिभाषेत त्याच्याच नावाने हा पक्षी ओळखला जातो. अंग करडे, शेपूट काळीभोर व कमानदार, आणि मानेवरील पिसांच्या टोकांस पिवळसर पांढरे ठिपके. हे ठिपके रंगाचे नसून पिसाचाच भाग तेथे चपटा व कठीण झालेला असतो; पाहणारास वाटावे की लाखेचे थेंब गळून वाळले आहेत. ह्याच पिसांपायी त्या बिचाऱ्यावर मोठा अनर्थ ओढवला. विलायतेतील सालमन माशाच्या गळास लावावयाच्या कृत्रिम माश्या बांधण्याकरिता ह्या पिसांना तेथे फार मागणी असे, आणि एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीतील कोंबड्यांच्या माना पेट्यांत भरून सातासमुद्रापार जात. पुढे ही निर्यात कायद्याने बंद झाली.

आणखी एक गोष्ट श्रोत्यांस नवलाची वाटेल. आपल्या खुराड्यातील कोंबडी ही तांबड्या रानकोंबड्याची वंशज, असे डार्विनपासून सर्वांनी मानले. ते बहुतांशी खरेही आहे. पण २००८ साली अनुवंशशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, गावठी कोंबडीच्या पायांची व कातडीची पिवळी छटा तांबड्या कोंबड्यापासून आलेली नसून करड्या रानकोंबड्यापासून आलेली आहे. म्हणजे जगातील कोट्यवधी पिवळ्या पायांच्या कोंबड्यांच्या अंगात ह्या आपल्या दक्षिणी पक्ष्याचा अंश वाहतो आहे. दाजीपूरच्या जाळीतून चोरपावलांनी जाणारा तो भित्रा जीव एवढ्या मोठ्या गोतावळ्याचा मूळपुरुष आहे!

आता हा कोंबडा मुका का होतो? पहिले कारण ऋतूचे. ज्येष्ठात पाऊस लागला की त्याची पिसे झडू लागतात. मानेवरील ते लाखेचे ठिपके गळून तेथे आखूड, काळपट पिसे येतात, शेपटीचा डौल जातो, आणि स्वारी अगदी दीन दिसू लागते. ह्या दिवसांत तो क्वचितच आरवतो. त्यातच आषाढाच्या धारांनी रानातील पाचोळा भिजून मऊ झालेला असतो, म्हणून पावलाचाही आवाज येत नाही. दुसरे कारण मानपानाचे. कोंबड्यांच्या समाजात थोरला कोण व धाकटा कोण हे ठरलेले असते. जपानातील संशोधकांनी २०१५ साली पाळीव कोंबड्यांवर प्रयोग करून असे सिद्ध केले की, पहाटे प्रथम आरवण्याचा अधिकार सर्वांत वरच्या कोंबड्याचा. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्या मागून आरवतात. धाकट्याने पुढे होऊन तोंड उघडले तर त्याची गय नसते. तेव्हा जो धाकटा आहे, परंतु ज्याला मादीचा मोह सोडवत नाही, त्याने करावे काय? तोंड मिटून यावे. तिसरे कारण भीतीचे, आणि ते माणसाने शिकविलेले आहे. ज्या रानात बंदूक फार वाजली तेथील पाखरे बोलणे सोडतात.

हाच अनुभव पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या टोकासही आहे. अमेरिकेत टर्की नावाचा मोठा रानपक्षी आहे. वसंत ऋतूत त्याचा नर मोठ्याने गुरगुरत माद्यांस बोलावतो. तेथील शिकारी लाकडाच्या वा पाटीच्या छोट्या साधनाने मादीचा आवाज काढून त्याला भुलवितात. पण पुष्कळ नर उत्तर न देताच चालत येतात, विशेषतः जे धाकटे असतात किंवा ज्यांना पूर्वी एकदा दगा झालेला असतो ते. म्हणून तिकडचे मुरलेले शिकारीही सांगतात की, उत्तर आले नाही म्हणून उठू नये. झाडास पाठ लावून बसून राहावे.

हा टर्की पक्षी हिंदुस्थानात आला तो कोकणपट्टीच्या वाटेने. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेला एक पक्षी जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने १६१२ साली गोव्याहून खरेदी करून बादशहास नजर केला. जहांगिराने आपल्या रोजनिशीत त्याच्या डोक्याचे व मानेचे रंग कसे पालटतात, चोचीवरील मांसाची गुंडी कशी लोंबते, ह्याचे बारकाईने वर्णन केले आहे, आणि उस्ताद मन्सूर ह्या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. ज्या बादशहाने हजारो जनावरे मारली, त्यानेच एका परदेशी पाखराकडे इतक्या कुतूहलाने पाहावे! शिकारी मनाची ही गुंतागुंत कोल्हापुरातही पुढे दिसावयाची आहे.

ह्या प्रदेशात मृगयेची विद्या फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात, सुमारे ११३० साली, ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. त्या काळी कोल्हापुरास शिलाहारांची गादी होती व ते चालुक्यांचे मांडलिक म्हणवीत. राजाचे विनोद, म्हणजे मन रमविण्याचे प्रकार, सांगताना सोमेश्वराने कोंबड्यांच्या व लाव्यांच्या झुंजी सांगितल्या आहेत, ससाण्याची शिकार सांगितली आहे, आणि मृगयेचे नाना प्रकार वर्णिले आहेत. त्यांत माणसाळविलेल्या हरणाच्या साहाय्याने रानातील हरणांस फसविणे आहे, आणि चित्त्याकरवी हरीण धरणेही आहे. चित्त्याच्या शिकारीचा हिंदुस्थानातील हा अगदी आरंभीचा उल्लेख समजला जातो. पण राजाने ग्रंथ लिहिला तरी विद्या राजाची नव्हती. जनावराला जनावराकरवी फसविण्याची ही कला जे लोक पिढ्यान्‌पिढ्या बाळगून होते, त्यांना लिहिता येत नव्हते, एवढेच.

ते लोक म्हणजे पारधी. त्यांच्यापैकी फासे लावून पाखरे धरणारे ते फासेपारधी. त्यांची बोली गुजरातीशी नाते सांगणारी, राहणी भटकी, आणि सारा संसार पाठीवर. फासा म्हणजे जाळे नव्हे. बारीक खुंट्यांची एक लांब ओळ, व प्रत्येक खुंटीस आतड्याच्या तातीचा किंवा केसांचा सरकफास. ही ओळ माळावर गवतातून, कुंपणाच्या कडेने अशी मांडावयाची की ती आहे हे पाखरास कळू नये. मग पारध्याने उलट्या बाजूस जावे. त्याच्याजवळ शिकविलेली गाय किंवा बैल असे. गाय चरत चरत पुढे सरके, आणि तिच्या आडोशाने पारधी सरके. तित्तर माणसास पाहून उडतो. गाईस पाहून उडत नाही, नुसता बाजूस होतो. असे त्याला बाजूस करीत करीत पारधी फाशांच्या ओळीपर्यंत नेई. ह्यात धावपळ नाही, आरडाओरडा नाही, दारूगोळा नाही. पाखराला आपला पाठलाग होत आहे हे कळतच नसे.

दुसरी युक्ती माणसाळविलेल्या तित्तराची. त्याला पिंजऱ्यात घालून माळावर ठेवावयाचे व सभोवार फासे मांडावयाचे. पिंजऱ्यातील नराने हाक दिली की त्या माळाचा मालक असलेला तित्तर संतापतो आणि परक्याला हुसकून लावण्याकरिता धावून येतो. बहुधा तो ओरडत येतो. पण हा जो ‘बहुधा’ आहे, त्यातच पारध्याचे पोट अडकलेले असे. जो उत्तर न देता येई त्याच्यासाठी पारध्याला दुसऱ्या खुणा वाचाव्या लागत. पिंजऱ्यातील पाखराने एकाएकी मान खाली घातली, हाक अर्ध्यावर तोडली, एका दिशेस डोळा लावला. किंवा जवळच्या चंडोलाने गाणे थांबविले. जे पाखरू बोलत नाही त्याची वर्दी दुसरी पाखरे देतात. हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत मिळत नव्हते, आणि ज्यांच्याजवळ ते होते त्यांना कोणतीही पाठशाळा आपल्या दारात उभे करीत नव्हती.

इंग्रज सरकारने अशा भटक्या लोकांकडे पाहिले ते केवळ पोलिसी नजरेने. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ सालच्या नव्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश मुलखास लागू करता येऊ लागला. ज्याने काहीच केलेले नाही त्याचेही नाव जन्मतः दफ्तरात चढे; त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. ज्या माणसाचा धंदाच पाखरामागे फिरण्याचा, त्याला एका जागी बांधून घालणे म्हणजे उपाशी मरावयास सांगणे होय. आणि उपाशी माणसाने चोरी केली की कायदा करणारांस आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटे.

ह्या पार्श्वभूमीवर कोल्हापुरात जे घडले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला. त्यांच्या शिकारीच्या छंदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात आजही त्या घराण्याच्या शिकारीच्या खुणा भिंतीभिंतीवर पाहावयास मिळतात. पण शिकारीमुळेच महाराजांचा अशा लोकांशी संबंध आला, ज्यांची सावलीही दरबारी मंडळी टाळीत. रानात जातीचा शिष्टाचार टिकत नाही. तेथे ज्याला माग काढता येतो तो पुढे चालतो आणि ज्याला येत नाही तो, छत्रपती असला तरी, मागून चालतो. महाराजांनी फासेपारध्यांस हाताशी धरले, कोल्हापुरानजीक सोनतळीच्या तळावर त्यांस आश्रय दिला, पहाऱ्याची व शिकारखान्यातील कामे सांगितली. पोलीस ज्यास जन्मजात चोर समजत, त्याच्या हाती राजाच्या रात्रीचा पहारा दिला गेला. पुढे १९१८ साली महाराजांनी आपल्या संस्थानात काही जमातींवर लादलेली हजेरीची पद्धतच बंद केली. ह्या निर्णयामागे समतेचा विचार होता हे उघड आहे. परंतु त्या विचाराचे बीज पुस्तकापेक्षा माळावरच्या सहवासात रुजले असावे, असे मानावयास जागा आहे.

कोल्हापूरच्या शिकारखान्याचे भूषण म्हणजे चित्ते. ह्या शिकारीतही तेच निःशब्द तत्त्व होते. काळवीट घोडेस्वारास पाहून पळतो. पण रोज शेतातून जाणाऱ्या गाडीस तो भीत नाही. म्हणून चित्त्यास डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर बसवीत, आणि गाडी कळपाकडे सरळ न नेता, कोठे तरी दुसरीकडेच निघाल्यासारखी तिरकस नेत. पुरेसे जवळ येताच चित्तेवान टोपी काढी. चित्ता खाली उतरून दबत दबत जाई, आणि मग ती एक धाव. ती साधली तर साधली. काहीशे हातांत हरीण हाती लागले नाही तर चित्ता थांबून खाली बसे, आणि त्या दिवशी त्याची कितीही मनधरणी केली तरी व्यर्थ. हा प्राणी डरकाळी फोडू शकत नाही. त्याची हाक पाखराच्या चिवचिवाटासारखी असते. प्रथम ऐकणारास ती एवढ्या मोठ्या जनावराची वाटतच नाही.

चित्ते धरणे हेदेखील पारध्यांचेच काम. चित्ता काही ठराविक झाडांपाशी पुनःपुन्हा येतो, त्यांच्या बुंध्यांवर नखे घासतो. ते झाड ओळखून सभोवार तातीचे फासे मांडीत. पिल्ले धरून वाढविण्यात अर्थ नसे, कारण ज्याला आईने शिकार शिकविली नाही त्याला माणूस काय शिकविणार? म्हणून मोठा झालेला, रानात शिकलेला चित्ताच धरून माणसाळवीत. परिणाम असा की, बंदिवासात बहुधा वीण न होणाऱ्या ह्या जातीचे उत्तम उत्तम प्राणी रानातून सतत काढले गेले. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर व भावनगर ह्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. छंद राहिला, परंतु ज्या मातीतून तो उपजला होता ती माती रिकामी झाली होती.

बंदुकीच्या शिकारीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. तिच्यात विद्या कमी व दारू फार. माळढोक हा दख्खनच्या माळावरचा पुरुषभर नव्हे तरी कमरेएवढ्या उंचीचा पक्षी. विणीच्या दिवसांत नराचा खोल घुमारा दूरवर जातो, एरवी तो जवळजवळ मुकाच. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्यांची रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज अंमलदाराने १८०९ ते १८२९ ह्या वीस वर्षांत एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ इतकी शिकार केली, अशी नोंद आहे. फाशात सापडलेल्या लाव्यावर एका पारध्याचे कुटुंब त्या रात्री जेवत असे. ह्या ९६१ पक्ष्यांवर कोणाची भूक भागली, हे नोंदीत नाही. माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या अभयारण्यात त्याचे दर्शन म्हणजे वर्तमानपत्रात येण्याजोगी गोष्ट झाली आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि शिकारखान्याचे दिवस संपले. तीन वर्षांनी, १९५२ साली, दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन पारधी कागदावर तरी मुक्त झाले; आणि हिंदुस्थानातून चित्ता नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. जणू एकाची सुटका होईपर्यंत दुसऱ्याने वाट पाहिली नाही. पुढे १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील जनावरे व पाखरे धरणे गुन्हा ठरला. तो कायदा आवश्यक होता ह्याविषयी दुमत असू नये. परंतु ज्यांनी माळढोक शेकड्यांनी मारले त्यांचे वंशज तोवर स्वदेशी परतले होते, आणि कायद्याचा पहिला हात पडला तो तित्तराचा पिंजरा घेऊन बाजारात बसलेल्या पारध्यावर. वीस वर्षांपूर्वी गुन्हेगारीच्या यादीतून सुटलेला माणूस आपल्या एकमेव धंद्यामुळे पुन्हा गुन्हेगार झाला. त्याला दुसरा धंदा देण्याची तजवीज कायद्याच्या कोणत्याही कलमात नव्हती. शाहू महाराजांनी माणसास आधी काम दिले व मग हजेरी काढली, हा क्रम येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

दाजीपूरच्या रानाचे नशीब मात्र बरे. संस्थानिकांनी आपल्या शिकारीकरिता ते राखले, म्हणूनच ते तुटले नाही. मारण्यासाठी राखलेले रान अखेर जगविण्यास उपयोगी पडले. १९५८ साली तेथे गव्यांकरिता अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य हे नाव मिळाले. क्षेत्रफळ सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही ते आले. गव्यांची कीर्ती मोठी, म्हणून रानकोंबड्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही. पण कारवी फुलून गेल्यानंतर तिचे बी पडू लागते त्या हंगामात पहाटे रानवाटेने जाणाऱ्या माणसाला कोंबडे, कोंबड्या घोळक्याने बी टिपताना दिसतात.

अशा पाखरांची गणती करावयाची झाल्यास अभ्यासक आजही पहाटेच्या बांगेचाच आधार घेतात. ठरलेल्या जागी उभे राहावयाचे, किती दिशांकडून किती आवाज आले ते टिपावयाचे, आणि त्यावरून अंदाज बांधावयाचा. हे काम फाल्गुन-चैत्रात चालते. आषाढात ते कोणी करीत नाही. तेव्हा कोंबडे रानात असतातच, पण आरवत नाहीत.